मशिदींतील शिष्टाचार व इतिहाससंशोधक
(उत्तर कोंकणांतील मशिदींस अनुलक्षून)

विरारच्या पूर्वेस चंदनसार म्हणून जो भाग आहे तेथून सोपारें दोन-अडीच कोसांच्या आंतच आहे. प्राचीन शूर्पारक तें हेंच. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील बुरुड राजाच्या कोटांतून बौद्ध स्तूपाचे अवशेष बाहेर काढले, आणि तेव्हांपासून इतिहासाच्या अभ्यासकांची या टापूंत सतत ये-जा आहे. स्तूप पाहून ते निर्मळच्या तीर्थास जातात, आगाशीचें भवानीशंकराचें देऊळ पाहतात, वसईच्या किल्ल्यांत पोर्तुगीजांच्या ओसाड प्रार्थनामंदिरांतून तासन् तास हिंडतात. मशिदीच्या पायरीपाशीं मात्र त्यांचे पाय अडखळतात. आंत जावें कीं न जावें, गेल्यास कोठें उभें राहावें, कोणास विचारावें, आपल्या हातून एखादें अनुचित कृत्य तर घडणार नाहीं, अशा नाना शंका मनांत येऊन बहुतेक जण बाहेरूनच नमस्कार करून परत फिरतात.

हा संकोच सर्वस्वी वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. उद्धटपणें आंत शिरण्यापेक्षां तो कितीतरी बरा. परंतु त्याचा परिणाम असा झाला आहे कीं, कोंकणांतील मुसलमानी वस्तीविषयीं आमच्या लेखांतून जें कांहीं येतें तें वाचलेल्या पुस्तकांवरून येतें, पाहिलेल्या दगडांवरून फारसें येत नाहीं. यांतील दुसरें नुकसान अधिक मोठें आहे. मशिदीची इमारत तिच्या शिष्टाचाराभोंवतीं बांधलेली असते. हौद कोठें असावा व केवढा असावा, दरवाजा कोणत्या बाजूस असावा, भिंतींत कोनाडा कां असावा, मूर्ति नसलेल्या त्या दालनांत रिकामी जागा इतकी कां, या सर्वांचें उत्तर तेथें येणारा मनुष्य काय करतो यांत आहे. मशिदींसंबंधींचे दानलेख, तहनामे व प्रवासवृत्तें यांचाही अर्थ हा आचार ठाऊक नसेल तर अर्धाच लागतो. म्हणून मशिदींत जाण्याचे व नमाजाचे नियम येथें संशोधकाच्या दृष्टीनें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम स्वतःची एक चूक सांगणें प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं कोंकणांतील एका लहान मशिदींत शिलालेखाचा ठसा घेण्यासाठीं आम्ही गेलों होतों. परवानगी घेतली होती, जोडे बाहेर काढले होते, डोक्यास रुमालही बांधला होता. आतां कांहीं न्यून राहिलें नाहीं अशी आमची समजूत होती. पश्चिमेच्या भिंतीवर ओला कागद लावून कुंचल्यानें ठोकण्यास आरंभ करणार, इतक्यांत जवळ बसलेल्या वृद्ध बांग्यानें शांतपणें विचारलें, “भाऊ, हा कुंचला कसल्या केसांचा?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. ठशाचे कडक कुंचले पुष्कळदां डुकराच्या केसांचे असतात, आणि हातांतलाही तसाच होता. त्या गृहस्थानें आवाज चढविला नाहीं. त्यानें स्वतः उठून घरून नारळाच्या काथ्याचा नवा कुंचला आणून दिला, आणि तितका भाग पाण्यानें धुऊन घेतला. पुढें असरची वेळ झाली तरी आमचा कागद वाळलेला नव्हता. तेव्हां जमलेले लोक आम्हांस उठवावें लागूं नये म्हणून बाहेर अंगणांत सफ धरून उभे राहिले. ठसा उत्तम आला. परंतु तो पाहिला कीं अंगणांतील ते लोक आजही डोळ्यांसमोर उभे राहतात. असो.

आतां परवानगीविषयीं. कोंकणी मुसलमान हे बहुतांशीं शाफई पंथाचे. देशावरचे व उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी. हे दोन्ही सुन्नींतीलच धर्मशास्त्राचे संप्रदाय असून मुख्य तत्त्वांत त्यांच्यांत भेद नाहीं; पण आचाराच्या बारीकसारीक गोष्टींत आहे, आणि तोच येथें उपयोगी पडतो. मुसलमान नसलेल्या मनुष्यानें मशिदींत यावें कीं नाहीं या प्रश्नावर शाफई शास्त्रकारांचें म्हणणें असें कीं, मक्केचा हरम सोडून इतर मशिदींत तो येऊं शकतो, मात्र एखाद्या मुसलमानाची अनुज्ञा पाहिजे. हनफी शास्त्रकार या बाबतींत अधिक सैल आहेत. तेव्हां कोंकणांत विचारून आंत जाणें हा केवळ सभ्यपणा नव्हे, त्या पंथाच्या शास्त्राचाच तो भाग आहे. विचारावयाचें कोणास, तर इमामास, बांग देणाऱ्यास, किंवा जमातीच्या विश्वस्तांपैकीं कोणास. आंत बसलेल्या पहिल्या मनुष्यास विचारून काम उरकूं नये. तो बिचारा वाटसरू असावयाचा. लेख वाचणें किंवा छायाचित्र घेणें असेल तर तें अगोदर स्पष्ट सांगावें.

वेळ निवडणें ही अर्धी तयारी होय. दिवसांतून पांच वेळां नमाज होतो: पहांटे फजर, दुपारीं सूर्य कलल्यावर जुहर, तिसऱ्या प्रहरीं असर, सूर्यास्तास मगरिब, आणि रात्रीं इशा. यांच्या आवश्यक रकाती अनुक्रमें २, ४, ४, ३ व ४, मिळून १७ होतात. सूर्योदयानंतर दुपारपर्यंत असा आवश्यक नमाज एकही नाहीं. या मोकळ्या वेळेस आणखी एक सोय जोडलेली आहे. आपल्याकडे मशिदीचें तोंड पूर्वेस असतें, त्यामुळें सकाळचा प्रकाश दालनांतून थेट पश्चिमेच्या भिंतीपर्यंत पोंचतो, आणि लेख बहुधा त्याच भिंतीवर किंवा दरवाजावर असतात. शुक्रवारीं मात्र सकाळींही जाऊं नये. दुपारच्या सामुदायिक नमाजाची झाडलोट व तयारी चालू असते. रमजानांत पुष्कळ लोक दिवसाही मशिदींत बसून पठण करतात, तेव्हां विशेष जपावें. असरची वेळ शाफई व हनफी मशिदींत निराळी असते हेंही ध्यानांत ठेवावें: मध्यान्हीची सावली वजा करून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली कीं शाफईंचा असर सुरू होतो, हनफींचा ती दुप्पट झाल्यावर. एका गांवीं ऐकलेली वेळ दुसऱ्या गांवीं लागू पडेलच असें नाहीं.

उंबऱ्यावर जोडे काढावयाचे, आणि उजवें पाऊल आधीं आंत टाकावयाचें. बाहेर पडतांना डावें आधीं. पोशाख अंगभर असावा. पुरुषाचा गुडघा उघडा असूं नये. टोपी शास्त्रानें आवश्यक नाहीं, परंतु रूढि तशी आहे आणि ती पाळणें शोभतें. कच्चा कांदा किंवा लसूण खाऊन मशिदींत येऊं नये असें हदीसांत आहे. शेजाऱ्यास दुर्गंधीचा उपद्रव होऊं नये हा त्यांतील हेतु. कोंकणांत दुपारच्या जेवणानंतर हा नियम पाळणें किती कठीण हें कोंकणी वाचकांस सांगावयास नको. चूळ भरणें व दांत घासणें हा त्यावरील तोडगा. आंत मोठ्यानें बोलणें, खरेदीविक्री करणें, हरवलेल्या वस्तूची दवंडी देणें हें वर्ज्य मानलेलें आहे.

नमाजापूर्वीं वजू करावा लागतो. मनगटापर्यंत हात धुणें, चूळ भरणें, नाकांत पाणी घेणें, तोंड धुणें, कोंपरापर्यंत हात धुणें, ओल्या हातानें डोकें पुसणें, कान पुसणें, आणि घोट्यापर्यंत पाय धुणें असा क्रम आहे. यांपैकीं तोंड, हात, डोकें व पाय यांचा निर्देश कुराणाच्या पांचव्या सुऱ्यांत आहे. शाफईंच्या मतें मनांतील संकल्प व हा क्रम दोन्ही आवश्यक. हनफींच्या मतें तीं नसलीं तरी वजू होतो. पाहुण्यास वजूची आवश्यकता नाहीं. पावसाळ्यांत पाय चिखलानें भरलेले असले तर ते धुऊन आंत जावें, एवढेंच.

हौदाचें कोडें येथें उलगडतें. वाहतें पाणी नसेल तर सांचलेलें पाणी किती असलें म्हणजे किरकोळ स्पर्शानें तें अशुद्ध होत नाहीं, हा प्रश्न शास्त्रकारांपुढें होता. शाफईंनीं दोन कुल्ले, म्हणजे आजच्या मापानें सुमारें २०० लिटर, ही मर्यादा धरली. हनफींनीं दहा हात लांब व दहा हात रुंद असा जलाशय धरला. देशावरच्या जुन्या मशिदींपुढें मोठे चौरस हौद दिसतात व कोंकणच्या खेड्यांत पुष्कळदां विहिरीशेजारच्या लहान टांक्यावर काम भागतें, याचें कारण केवळ पैशाची कमतरता नसून हा शास्त्रभेदही असावा असा आमचा तर्क आहे. टेप घेऊन पांच-पन्नास हौद मोजल्यास तो तपासतां येईल, आणि तें काम कोणी तरुण अभ्यासकानें अंगावर घ्यावें.

कोंकणी जमातीची सर्वांत प्रसिद्ध मशीद म्हणजे मुंबईची जामा मशीद. ती एका जुन्या तलावावर बांधलेली आहे. १७७५ च्या सुमारास आरंभ होऊन १८०२ त काम पुरें झालें. तलाव न बुजवितां पाण्यांतून दगडी कमानी उभारून त्यांवर दालन चढविलें, आणि खालचें पाणी वजूस ठेवलें. तिच्या बांधकामाचें वर्ष ‘जहाज-इ-आखिरत’, म्हणजे परलोकीचें जहाज, या शब्दांत गोंवलेलें आहे. अरबी अक्षरांस ठराविक संख्या मानून बेरीज करण्याची ही रीत अबजद नांवानें प्रसिद्ध आहे. जीम ३, हे ५, अलिफ १, झे ७, मिळून १६. पुढच्या शब्दाचे अलिफ १, खे ६००, रे २००, ते ४००, मिळून १२०१. एकूण १२१७, आणि हिजरी १२१७ चा आरंभ इ. स. १८०२ च्या मे महिन्यांत होतो. पाण्यावर उभ्या असलेल्या इमारतीस, आणि तीही दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या जमातीनें बांधलेल्या, याहून समर्पक नांव सुचणें कठीण. शिलालेखांत अर्थास विशोभित असा एखादा शब्द आढळल्यास त्याची अबजदानें बेरीज करून पाहावी, हें यावरून शिकण्यासारखें आहे.

आंत गेल्यावर पहिली गोष्ट लक्षांत ठेवावयाची ती किब्ल्याची दिशा. मक्केकडे तोंड करून नमाज होतो, आणि वसई-विरारच्या भागांतून मक्का पश्चिमेच्या किंचित् उत्तरेस, सुमारें दहा अंशांवर पडते. म्हणून येथील नमाजी समुद्राकडे तोंड करून उभा असतो. त्या बाजूच्या भिंतींत दिशा दाखविणारा जो कोनाडा असतो तो मेहराब. हिंदु पाहुणा त्यास गाभाऱ्याप्रमाणें समजून त्याच्यापुढें हात जोडतो किंवा फूल ठेवतो; भाव चांगला असला तरी तें तेथें अस्थानीं आहे. मेहराबांत पूज्य वस्तु कांहींच नसते. ती दिशेची खूण आहे, आणि इमाम पुढें एकटा उभा राहतो त्याची ती जागा. तिच्या उजव्या हातास पायऱ्यांचें मिंबर असतें, त्यावर शुक्रवारचें प्रवचन होतें. मिंबराची पायरी चढून लेख वाचण्याचा मोह आवरावा, किंवा निराळी परवानगी मागावी. रेहलीवर किंवा फडताळांत ठेवलेल्या कुराणास वजूवांचून हात लावूं नये. जुनी हस्तलिखित प्रत पाहणें असेल तर जमातीच्या माणसासच पानें उलटण्याची विनंति करावी. ते आनंदानें करतात.

सर्वांत अधिक जपावयाचा नियम हा कीं, नमाज पढणाऱ्या मनुष्याच्या पुढून जाऊं नये. याविषयींचा निषेध फार कडक आहे. एकटा नमाज पढणारा म्हणूनच खांबाच्या किंवा भिंतीच्या मागें उभा राहतो, किंवा पुढें कांहीं वस्तु ठेवतो. त्या आडोशास सुत्रा म्हणतात. त्याच्या व सुत्र्याच्या मधून जावयाचें नाहीं, पलीकडून गेलें तरी चालतें. जुन्या मशिदींतील खांबांपाशींची फरशी इतर ठिकाणांहून अधिक गुळगुळीत झालेली पुष्कळदां आढळते ती यामुळेंच असावी. नमाजांत असलेल्या मनुष्यास सलाम करूं नये. त्यास उत्तर देतां येत नाहीं, आणि न दिल्याची चुटपुट मात्र लागते.

जमातीचा नमाज सुरू झाला तर पाहुण्यानें मागें भिंतीशीं शांत बसावें. बरोबरीनें उठबस करून अनुकरण करण्याची आवश्यकता नाहीं, कोणी अपेक्षाही करीत नाहीं. तेथें जें दिसतें तें असें: लोक खांद्यास खांदा लावून सरळ रांगा धरतात, या रांगेस सफ म्हणतात, पुढची सफ भरल्यावांचून मागची धरावयाची नाहीं. मग उभें राहून पठण, कमरेंतून वांकून रुकू, पुन्हां उभें राहणें, कपाळ जमिनीस टेकून दोन वेळां सिजदा. ही एक रकात. ठरलेल्या रकाती झाल्यावर बसून पठण, आणि उजवीकडे व डावीकडे तोंड फिरवून सलाम, कीं नमाज संपला. इमाम रुकूस जातांना व उठतांना लोक हात कानांपर्यंत नेत असतील, आमीन मोठ्यानें म्हणत असतील, फजरच्या दुसऱ्या रकातींत हात पसरून निराळी प्रार्थना करीत असतील, तर ती जमात शाफई समजावी. जुन्या कागदांत एखाद्या जमातीचा पंथ लिहिलेला नसला तरी तिच्या वंशजांच्या नमाजावरून तो पुष्कळदां ओळखतां येतो.

सफेंत कोणाची जागा राखीव नसते. उशीरा आलेल्या धनिकानें मागें उभें राहावें. लोकांच्या खांद्यांवरून उड्या टाकीत पुढें जाणें निंद्य मानलेलें आहे. हा नियम फरशीवरही उतरलेला दिसतो. विजापूरच्या जामा मशिदींत एकेका नमाजापुरत्या दोन हजारांवर चौकटी जमिनीवर आंखलेल्या आहेत, आणि त्या सर्व एकसारख्या आहेत.

शुक्रवारच्या दुपारीं जुहरच्या चार रकातींऐवजीं दोन रकाती व त्यांपूर्वीं खुतबा असतो. इमाम मिंबरावर उभा राहून दोन प्रवचनें करतो, मध्यें क्षणभर बसतो. या वेळीं पूर्ण शांतता पाहिजे. शेजाऱ्यास ‘गप्प बस’ म्हणणेंसुद्धां दोषास्पद मानलें आहे. खुतब्यांत राज्यकर्त्याचें नांव घेऊन त्याच्यासाठीं प्रार्थना करण्याची जुनी पद्धत होती, आणि म्हणून खुतबा व सिक्का हीं सार्वभौमत्वाचीं दोन चिन्हें समजलीं जात. आमच्या किनाऱ्याच्या इतिहासास हा नियम अगदीं थेट येऊन भिडतो. नवव्या शतकांतील अरब इतिहासकार बलाजुरी सांगतो कीं, खलिफा मामूनच्या काळांत फज्ल इब्न माहान यानें सिंदान घेऊन तेथें जामा मशीद बांधली. पुढें त्याच्या मुलांत भांडणें लागलीं आणि हिंदूंनीं तें नगर परत मिळविलें. परंतु मशीद त्यांनीं मुसलमानांकडेच ठेवली, आणि ते तेथें जमून खलिफासाठीं प्रार्थना करीत. सिंदान म्हणजे आपल्या उत्तरेचें संजान, असें पुष्कळांचें मत आहे, कोणी तें कच्छांत दाखवितात. तें कोठेंही असो, हिंदु राजाच्या नगरांत परक्या सार्वभौमाच्या नांवाचा खुतबा चालूं देणें ही केवढी गोष्ट होती, हें खुतब्याचा अर्थ ठाऊक असल्यावांचून कळावयाचें नाहीं. निव्वळ ‘मशीद राहूं दिली’ एवढें वाचून आपण पुढें जातों.

दहाव्या शतकांतील साक्षी याहून स्पष्ट आहेत. मसूदी हिजरी ३०४ मध्यें सैमूर, म्हणजे चौल, येथें आला. तेव्हां शिलाहार झंझ राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणून राज्य करीत होता. तेथें सुमारें दहा हजार मुसलमान होते असें तो लिहितो. कांहीं तेथेंच जन्मलेले, कांहीं सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले. आणि त्यांच्यांतील तंटे तोडण्यास राजानें त्यांच्यांतलाच एक प्रमुख नेमलेला असे, त्यास हुनरमन म्हणत. इस्तख्री व इब्न हौकल हे बल्हाराच्या, म्हणजे राष्ट्रकूटांच्या, नगरांत जामा मशिदी असल्याचें नमूद करतात, आणि त्यांत सिंदान व सैमूर यांचीं नांवें स्पष्ट आहेत. सोपाऱ्याचा उल्लेख त्याच प्रदेशांतील नगर म्हणून येतो.

जामा मशीद म्हणजे काय हें येथें महत्त्वाचें ठरतें. शाफई मतानें शुक्रवारचा सामुदायिक नमाज होण्यास त्या गांवचे कायमचे रहिवासी असलेले निदान ४० प्रौढ पुरुष लागतात. वाटसरू व खलाशी मोजावयाचे नाहींत. हनफी मतानें इमामाशिवाय तीन पुरेत, पण स्थळ नगर असलें पाहिजे आणि राज्यसत्तेची अनुमति पाहिजे. दोहोंपैकीं कोणताही नियम घेतला तरी ‘येथें जामा मशीद होती’ या वाक्यांतून व्यापाराच्या हंगामापुरत्या येणाऱ्या लोकांचा तळ दिसत नाहीं. स्थायिक वस्ती, किंवा राजमान्यता असलेली वस्ती दिसते. अर्थात् हें अनुमान सांवधपणें वापरावें. इमाम शाफई इ. स. ८२० त वारले. बलाजुरीनें सांगितलेली मशीद त्याच सुमाराची, तेव्हां तिला हा मोजदंड लावणें बरोबर होणार नाहीं. दहाव्या शतकास तो लावतांनाही येथील लोक त्या वेळीं कोणत्या पंथाचे होते हें आधीं सिद्ध केलें पाहिजे.

या स्थायिक वस्तीस आमच्याच पालघर जिल्ह्यांतील एक ताम्रपट भरघोस पुरावा देतो. चिंचणीस सांपडलेल्या शके ८४८ (इ. स. ९२६) च्या राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या पटांत संजान मंडलाचा अधिकारी ताजिक, म्हणजे अरब, वंशाचा मधुमति नांवाचा गृहस्थ आहे. मधुमति हें मुहम्मद या नांवाचें संस्कृत रूप. त्यानें नदी उतरण्यास फुकट नांवा ठेवल्या, अन्नसत्र घातलें. आणि त्याच्या कारकीर्दींत भगवतीच्या मठिकेस झालेल्या दानास त्याची मान्यता आहे. देवीच्या मठिकेस दान होतें तें मुसलमान अधिकाऱ्याच्या अनुमतीनें, आणि मशिदींत खुतबा होतो तो हिंदु राजाच्या अनुमतीनें. दोन्ही एकाच किनाऱ्यावर.

आचारास खर्च लागतो, आणि खर्चाचे कागद उरतात. सोमनाथ-वेरावळचा इ. स. १२६४ चा संस्कृत व अरबी लेख या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. होर्मुझच्या नुरुद्दीन फिरोज नांवाच्या नाखव्यानें वाघेला अर्जुनदेवाच्या राज्यांत तेथें मशीद बांधली. संस्कृतांत तिला ‘मिजिगिति’ म्हटलें आहे. तिला लावून दिलेल्या उत्पन्नांतून दिव्याचें तेल, पाणी, इमाम, बांग देणारा, कुराण वाचणारा, वर्षाची चुना-सफेती व डागडुजी यांचा खर्च करावयाचा, आणि उरेल तें मक्का-मदिनेस पाठवावयाचें. वर ज्या ज्या गोष्टी आम्ही शिष्टाचार म्हणून सांगितल्या त्यांतील बहुतेकींची येथें तरतूद आहे: वजूचें पाणी, पहांटेच्या व रात्रीच्या नमाजाचा दिवा, वेळ सांगणारा, पुढें उभा राहणारा.

हा लेख मनांत ठेवून वसईचा तह वाचावा. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढच्या वर्षीं ऑक्टोबरांत दिवच्या किल्ल्याविषयीं जो करार झाला त्यांत एक कलम असें आहे कीं, वसईच्या उत्पन्नांतून मशिदींस जे ५००० टंका-लारी मिळत आले ते पूर्ववत् मिळावे, आणि मशिदी व त्यांतील प्रार्थना यांत कसलाही फेरफार होऊं नये. आमच्यांतील बहुतेक लेखक हें कलम ओलांडून जातात, कारण रक्कम मोठी नाहीं. परंतु ती कशाची रक्कम होती? वसई महालांतील गांवोगांवच्या दिव्यांची, पाण्याची, बांग्यांच्या भाकरीची. पोर्तुगीज अमलांत तें उत्पन्न मशिदींकडे टिकलें नाहीं. एकदां तें बंद झाल्यावर इमारत पाडण्याचीही गरज उरत नाहीं. चार पावसाळ्यांत कोंकणांतलें छप्पर आपोआप बसतें.

मराठी दप्तरांतही याच बाबी भेटतात. खतीब, मुलाणा, दिवाबत्ती हे शब्द इनामांच्या कागदांत वारंवार येतात. खतीब म्हणजे खुतबा वाचणारा. मुलाणा गांवच्या मशिदीची सेवा करणारा, आणि अलुत्यांच्या कांहीं याद्यांत त्याचें नांव आहे. शिवछत्रपतींविषयीं एरवीं कडवटपणें लिहिणारा खाफीखान मशीद, कुराण व स्त्रिया यांस उपद्रव देऊं नये असा त्यांचा नियम असल्याचें मान्य करतो, हें सर्वश्रुत आहे.

आणखी दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. पहिली म्हणजे मशीद व दर्गा यांत भेद करावा. आपल्याकडील हिंदूंस दर्ग्याची संवय अधिक. कल्याणजवळ हाजी मलंगास जाणारा मनुष्य चादर, ऊद, नारळ नेतो, नवस बोलतो. आणि तोच आचार तो भाबडेपणानें मशिदींत आणतो. दर्गा ही संताची कबर आहे, मशीद केवळ नमाजाची जागा. तेथें वाहावयाचें कांहीं नसतें, प्रदक्षिणा नसते, प्रसाद नसतो. ओसाड इमारत मशीद कीं दर्गा असा वाद पडल्यास कबरेची दिशा पाहावी: ती दक्षिणोत्तर असते व मृताचें तोंड पश्चिमेस वळविलेलें असतें.

दुसरी गोष्ट स्त्रियांविषयीं, कारण आतां संशोधनाच्या कामांत भगिनीही पुष्कळ आहेत. कोंकणांतील पुष्कळ जुन्या मशिदींत स्त्रियांसाठीं निराळी जागा नाहीं, आणि रूढीचा अडथळा होतो. शास्त्र मात्र तितकें कठोर नाहीं. पुण्याच्या एका दांपत्यानें २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयांत याविषयीं अर्ज केला. त्यावर २०२० च्या जानेवारींत अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानें प्रतिज्ञापत्रांत सांगितलें कीं, स्त्रियांस मशिदींत येऊन नमाज पढण्यास धर्माची मनाई नाहीं; जमातीच्या व शुक्रवारच्या नमाजाची सक्ति मात्र त्यांच्यावर नाहीं. अभ्यासक भगिनीनें आधीं निरोप पाठवून, डोकें व अंग झांकून, नमाजाच्या वेळा टाळून गेल्यास बहुतेक ठिकाणीं काम होतें. एखाद्या जमातीनें नकार दिलाच तर तेथें वाद घालूं नये. जमातीच्या मनुष्याकडून लेखाचें छायाचित्र मागवावें.

ठसा घेणाऱ्यांसाठीं शेवटीं इतकेंच. कुंचला काथ्याचा किंवा घोड्याच्या केसांचा न्यावा, आणि तो कशाचा आहे हें विचारण्यापूर्वींच सांगावें. पाणी मशिदीच्या हौदांतून न घेतां बाहेरून आणावें. शाई चटईवर सांडूं नये म्हणून खालीं स्वतःचें कापड पसरावें. कागद वाळण्यास लागणारा वेळ पुढच्या नमाजाच्या आंत बसतो कीं नाहीं हें आधीं मोजावें, आणि बसत नसेल तर त्या दिवशीं काम सुरूच करूं नये. लेखाचें वाचन पुरें झालें कीं त्याची स्वच्छ नक्कल मराठी अर्थासह जमातीस पाठवावी.